थेंब, दाणा आणि एक मिलिमीटर

यंदाच्या अंकाचा विषय ‘दाणा’ आहे, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी होते आणि मिस्त्री माझ्यावर वैतागलेला होता. फोनवर ज्वारी, हुरडा, देशी बियाणं, पाखरं अशी यादी चालली होती. इकडे मिस्त्री दोरी ताणून दाखवत होता. गॅलरीची फरशी अर्धीअधिक बसली होती. खोकी कमी पडली म्हणून त्याच दुकानातून त्याच डिझाइनची आणखी चार आणली होती, आणि नव्या खोक्यातल्या टाइल्स लावायला घेतल्यापासून सांधे सरकायला लागले होते.

“ताई, माल एक नाही. ही सोळा बाय सोळा आहे, आणि ही सोळाला केसभर जास्त.”

मी पट्टी लावून पाहिली. ४०० मिलिमीटरच्या टाइलला एक मिलिमीटर जास्त. म्हणजे पाव टक्का. एका टाइलमागे काहीच नाही, पण ओळीत बारा टाइल्स आल्या की बोटभर. दुकानदाराने खांदे उडवले: “डिझाइन तेच आहे मॅडम, लॉट वेगळा आहे.”

लॉट वेगळा म्हणजे नेमकं काय वेगळं? माती तीच, साचा तोच, भट्टी तीच. टाइलच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या एका परिचितांना विचारलं. ते सहज म्हणाले, “दाण्यात फरक पडला असेल.” मला वाटलं ते टाइलच्या नक्षीबद्दल बोलताहेत. नाही. ते खरोखरच दाण्याबद्दल बोलत होते. टाइल चिखलाची लाटून बनत नाही, दाण्यांची दाबून बनते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ज्वारीवर दुसरं कुणीतरी लिहीलच, असं म्हणून मी मोरबीचं तिकीट काढलं.

आठ-अ

सौराष्ट्र मेलने राजकोट, तिथून उत्तरेला तासा-दीड तासाचा रस्ता. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे गाव ‘मोरवी’ म्हणून ठाऊक आहे. आधी छपराची कौलं, मग भिंतीवरची घड्याळं आणि आता फरशी, असा या गावाचा प्रवास. टाइल बनवण्यात चीनच्या खालोखाल भारताचा नंबर लागतो, आणि भारतातल्या टाइल्सचा फार मोठा हिस्सा मोरबी-वांकानेरच्या या पट्ट्यात तयार होतो. महामार्गाचा नंबर सरकारने कधीच बदलला, पण कारखान्यांच्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून ‘आठ-अ’च आहे. दोन्ही बाजूंना शेडच्या मागे शेड, आणि प्रत्येक शेडच्या मागच्या अंगाला एक चकचकीत पत्र्याचा पिंप उभा. चार-पाच मजली उंच, खाली निमुळता होत गेलेला. हाच स्प्रे ड्रायर.

नाव छापायचं नाही या अटीवर एका कारखान्याने आत सोडलं. माझ्याबरोबर दिलेला सुपरवायझर या खात्यात वीस वर्षं मुरलेला. मला ‘बेन’ म्हणायचा आणि प्रत्येक प्रश्नाला आधी “एमां शुं छे के…” अशी सुरुवात करायचा. तो मला थेट भट्टीकडे नेऊ पाहत होता, कारण पाहुण्यांना तेच आवडतं. शंभर-दीडशे मीटर लांबीची भट्टी, तिच्या रुळांवरून सरकत जाणाऱ्या टाइल्स, त्याआधी दगडाची हुबेहूब नक्कल छापणारं यंत्र. त्या सगळ्याचे व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने मिळतात. मी म्हटलं, मला भट्टी नको, मागचं दाखवा. तो जरा खट्टू झाला, पण नंतर खुलला. त्याच्या खात्याकडे सहसा कुणी येत नाही.

मागे उघड्या शेडमध्ये मातीचे ढीग. थानगढची माती, बिकानेरची माती, राजस्थानातून आलेला पांढुरका फेल्डस्पार. पाऊस होऊन गेला होता आणि एका ढिगाच्या पायथ्याशी गढूळ पाणी साचलं होतं. पावसाळ्यात मातीच मुळात पाणी पिऊन येते, त्यामुळे वजनकाट्यावर एक टन टाकली तरी खरी माती किती याचा हिशेब रोज नव्याने करावा लागतो. सुपरवायझरच्या मते वर्षातले निम्मे घोळ इथेच सुरू होतात.

आता मूळ प्रश्न. भट्टीत या सगळ्या जिन्नसांचा एकजीव व्हायचा तर ते अतिशय बारीक दळायला हवेत. पण इतकी बारीक भुकटी साच्यात नीट भरत नाही. घरी करून पाहा: मैद्याच्या डब्यात चमचा खुपसून काढला की खड्डा तसाच राहतो, रव्यात तो आपोआप बुजतो. टाइलच्या प्रेसमध्ये साचा काही क्षणांत, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा भरावा लागतो. मैदा तिथे अडून बसतो, कुठे उंचवटा करतो, कुठे हवा धरून ठेवतो. म्हणून आधी मैद्याहून बारीक दळायचं आणि मग त्याच मैद्याचा पुन्हा रवा करायचा. हा उलटा संसार मागच्या त्या पिंपात चालतो.

चिमूटभर औषध

दळण पाण्यात होतं. खोलीएवढे लोखंडी पिंप आडवे फिरत असतात. त्यांना बॉल मिल म्हणतात. आत माती, पाणी आणि गारगोटीचे किंवा अॅल्युमिनाचे गोळे. काही तासांनी बाहेर पडते ती ‘स्लिप’: घट्ट दुधासारखी दिसणारी राखाडी राडी.

या राडीत पाणी जितकं कमी तितकं चांगलं, कारण पुढे ते सगळं उडवायचं आहे. पण पाणी कमी केलं की राडी घट्ट होते, पंप तिला ढकलू शकत नाही. यातून वाट कशी काढतात ते प्रयोगशाळेतल्या मुलीने मला करून दाखवलं. सगळ्या मोरबीत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

तिने एका काचेच्या ग्लासात माती आणि पाणी कालवून लापशी केली. ग्लास उलटा धरला, लापशी हलली नाही. मग ड्रॉपरने सोडियम सिलिकेटचे चार-पाच थेंब टाकून काडीने ढवळलं. डोळ्यांदेखत लापशीचं ताक झालं. ग्लास कलता केला तर धार लागली. पाण्याचा एक थेंबही वाढवलेला नव्हता! “हवे जुओ,” म्हणत तिने आणखी बरेच थेंब टाकले, तशी राडी पुन्हा घट्ट व्हायला लागली.

मातीचे कण चपटे असतात आणि एकमेकांना कडेने-तळाने चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना करतात. त्या बंगल्यात पाणी अडकून पडतं. हे औषध कणांवरचा ऋण विद्युतभार वाढवतं, कण एकमेकांना दूर लोटतात, बंगला कोसळतो आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. मात्रा जास्त झाली की मिठासारखा उलटा परिणाम होऊन कण पुन्हा एकत्र येतात. विहिरीचं पाणी जड असलं, म्हणजे त्यात कॅल्शियम असलं, तरी हेच होतं. म्हणून पाण्याचा टँकर बदलला तरी प्रयोगशाळेत धावपळ होते.

स्लिप ‘उतरली’ का हे बघायला त्यांच्याकडे तळाला भोक असलेला पेला आहे. तो भरायचा, बोट काढायचं आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. शेजारी ठरावीक मापाच्या भांड्यात स्लिप भरून वजन करायचं. इतकी साधी उपकरणं, आणि स्प्रे ड्रायरच्या टॉवरमध्ये जन्मणाऱ्या दाण्याचं नशीब बरंचसं इथेच लिहिलं जातं. स्प्रे ड्रायर म्हटलं की सगळे तापमान विचारतात. मीही विचारलं होतं. चूक होती.

कारंजं

टॉवरला वळसा घालत जाणाऱ्या लोखंडी जिन्याने आम्ही वर गेलो. पत्र्याच्या आत जाड इन्सुलेशन आहे, तरी बाहेर ओव्हनजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. अर्ध्या उंचीवर एक जाड काचेची खिडकी आणि आत दिवा. सुपरवायझरने बाहीने काच पुसली.

आत पाऊस उलटा पडत होता. मधल्या कड्यावर बसवलेल्या तोट्यांमधून स्लिप पंचवीस-तीस बार दाबाने वरच्या दिशेला उसळत होती, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दहापटीहून जास्त दाबाने. प्रत्येक तोटीतून छत्रीसारखा फवारा. वरून पाचशे ते सहाशे अंशांची हवा गरगरत खाली येत होती. थेंब वर चढतात, दमतात, हवेबरोबर खाली येतात, आणि या काही सेकंदांच्या येण्याजाण्यात थेंबाचा दाणा होतो. खिडकीतून तो क्षण अर्थातच दिसत नाही, दिसतं ते फक्त धुकं. पण तळाच्या निमुळत्या तोंडातून पट्ट्यावर पडणारा माल ओंजळीत घेतला तर कोमट, वाळूसारखा झुळझुळणारा, बोटांमधून पाण्यासारखा निसटणारा.

थेंब करण्याचा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब मी राजकोटला परतताना वहीत मांडला. एक लिटर स्लिपचे ४०० मायक्रॉनचे, म्हणजे ०.४ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर ते जवळपास तीन कोटी होतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो १५ चौरस मीटर. म्हणजे सुमारे १६० चौरस फूट. बीडीडी चाळीतल्या एका खोलीएवढ्या जमिनीवर एक लिटर राडी सारवली, तर वाळायला किती वेळ लागेल? म्हणून वाळणं सेकंदांत होतं.

आणि इतक्या गरम हवेत थेंब भाजून कसा निघत नाही? माठातलं पाणी ज्या कारणाने थंड राहतं त्याच कारणाने. पृष्ठभागावरून पाणी उडतं तोवर ते जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे बाहेर साडेपाचशे अंश असले तरी थेंब स्वतः उकळीलासुद्धा पोचत नाही. टॉवरमधून बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या आसपास असते. सगळी उष्णता पाण्यानेच खाल्लेली असते.

हे यंत्र काही मातीसाठी जन्मलेलं नाही. द्रव फवारून वाळवण्याचं अमेरिकन पेटंट सॅम्युअल पर्सी यांनी १८७२ साली घेतलं. पुढे हे यंत्र दुधाने गाजवलं. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही हे जगभरच्या तज्ज्ञांचं ठाम मत होतं, ते याच गुजरातेत, आणंदला दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी खोटं ठरवलं आणि १९५५ साली तिथे भुकटीचा कारखाना उभा राहिला. कपडे धुण्याच्या पावडरचीही तीच कथा. सर्फचे हलके पोकळ दाणे अशाच टॉवरमधून यायचे, आणि करसनभाई पटेलांच्या निरमाने टॉवरच वगळून कोरडा माल मिसळला, म्हणून ती स्वस्त पडली. गुजरातेने या यंत्राशी दोन्ही टोकांचे संबंध ठेवले आहेत.

थेंबाचा आकार तोटी ठरवते. दाब वाढवला की थेंब बारीक, तोटीचं भोक मोठं केलं की थेंब मोठा, स्लिप घट्ट असली तरी थेंब मोठा. बुंदी पाडणाऱ्याला हे सांगायला नको. तो झारा बदलतो, पीठ पातळ करतो, कढईपासून झाऱ्याची उंची राखतो. पीठ घट्ट झालं की बुंदीला शेपूट येतं. इथेही येतं.

आम्ही वर असतानाच एक तोटी बदलायला काढली. ओडिशाहून आलेल्या एका पोराने दोन पाने लावून लांब नळी बाहेर ओढली, पाण्याखाली धरली आणि टोकाचा अंगठीएवढा तुकडा माझ्या हातावर ठेवला. टंगस्टन कार्बाइडचा, पोलादाहून कठीण. तरी मातीच्या माऱ्याने त्याचं भोक लंबगोल झालं होतं. नवा तुकडा शेजारी धरल्यावरच फरक कळला. तेवढ्या फरकाने थेंब मोठे होतात, वाळायच्या आत भिंतीवर आदळतात, तिथे चिखलाची पोळी धरते, आणि कधीतरी ती पोळी सुटून मालात येते. “दीदी, पंधरा दिनसे यही चिल्ला रहा था,” पोरगं म्हणालं. कुणाजवळ ओरडत होता ते त्याने सांगितलं नाही. सुपरवायझर दुसरीकडे बघत होता.

प्रत्येक दाण्याला खळगा

प्रयोगशाळेतल्या मुलीने चिमूटभर दाणे काचेच्या पट्टीवर पसरून भिंगाखाली ठेवले आणि मला वाकायला सांगितलं. मला वाटलं होतं मोत्यांसारखे गोल दिसतील. गोल होते, पण जवळजवळ प्रत्येकाला एका बाजूला खळगा. काहींना इतका खोल की आरपार भोक, थेट मेदूवडा. ती त्यांना ‘वडा’च म्हणते. मी विचारलं, चाळणीत आपटून झाले का असे? ती हसली.

खळगा आपटून होत नाही, पाण्याच्या वाटेने होतो. टेबलावर चहाचा थेंब सांडून वाळला तर डाग मध्ये फिका आणि कडेला गडद असतो. पाणी कडेकडे धावतं आणि जाताना चहाचे कण बरोबर नेतं. थेंबातही पाणी आतून पृष्ठभागाकडे येतं. स्लिप छान पातळ केलेली असेल, म्हणजे कण सुटे आणि मोकळे असतील, तर तेही पाण्यामागे पृष्ठभागावर येऊन दाटतात. बाहेर कवच तयार होतं. आता थेंबाचा बाहेरचा आकार ठरून गेला, पण आतलं पाणी अजून जातंच आहे. त्याची जागा भरायला आत कण उरलेले नाहीत. पोकळी होते, ती कवचाला आत ओढते, आणि जिथे कवच सर्वांत कच्चं तिथे ते आत बसतं. झाला खळगा.

औषध कमी घातलं असेल तर गोष्ट वेगळी. कण एकमेकांचे हात धरून असतात, पाण्यामागे धावत नाहीत. थेंब सगळाच्या सगळा आक्रसतो आणि दाणा भरीव होतो. अमेरिकेतल्या आल्फ्रेड विद्यापीठातले जेम्स रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅल्युमिनाच्या स्लिपवर हे तपासून १९९९ साली प्रसिद्ध केलं. दाणा पोकळ होणार की भरीव हे त्यांनी मुख्यतः स्लिपच्या एका गुणाशी जोडून दाखवलं: थोडंफार ढकलल्याशिवाय न हलण्याची तिची तयारी. श्रीखंडात ती असते, चमचा काढला तरी खूण राहते. ताकात नसते. श्रीखंडासारख्या स्लिपचा दाणा भरीव, ताकासारखीचा पोकळ.

उष्णतेचा वाटा आहे, पण तो या खेळात दुसरा गडी. हवा फार गरम केली की कवच लवकर धरतं आणि पोकळी मोठी होते. माल बांधून ठेवायला स्लिपमध्ये गोंद घातलेला असला, जसा अॅल्युमिनाच्या कामात घालतात, तर तोही पाण्याबरोबर बाहेर येऊन पापुद्रा धरतो. मग आत कोंडलेली वाफ दाण्याला फुगवते, क्वचित फोडतेही. हवा कमी गरम ठेवली तर दाणे ओले राहून एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. स्लिपमध्ये मातीचं प्रमाण वाढवलं तर मुळात उडवायचं पाणीच कमी, म्हणून आक्रसणं कमी आणि दाणा जड.

मग टाइलवाले भरीव दाणा का करत नाहीत? कारण स्लिप ताकासारखी ठेवली तरच पाणी कमी घालता येतं, आणि पाणी कमी म्हणजे इंधन कमी. खळगा हा त्यांनी समजून-उमजून केलेला सौदा आहे. टाइलच्या दाण्यात ओल असते, माती मऊ असते, प्रेसखाली पोकळी चेपून जाते. मोटारीच्या स्पार्क प्लगमधला पांढरा भाग किंवा दातावर बसवायची झिर्कोनियाची टोपी बनवणाऱ्याला हा सौदा परवडत नाही. त्याच्या दाण्याचं कवच चेपलं नाही तर आतली पोकळी भट्टीतून तशीच बाहेर येते, आणि तुकडा पुढे तडकतो तो बहुधा तिथूनच.

मूठ

टॉवरमधून निघालेला दाणा लगेच वापरत नाहीत. तो उंच सायलोत किमान एक दिवस पडू देतात. बाहेर वाळलेला आणि आत ओला दाणा, मोठा जास्त ओला आणि छोटा कोरडा, हे सगळं एकमेकांत वाटून घेतलं जातं. आपण रवा भिजवून मुरायला ठेवतो तसंच. पाच ते साडेसहा टक्के ओल हे लक्ष्य. प्रत्येक कारखान्याचा आपापला आकडा असतो आणि तो अर्ध्या टक्क्यानेही हलू द्यायचा नसतो.

प्रेसवरचा माणूस तो आकडा स्क्रीनवर बघतोच, पण त्याआधी मूठ आवळून बघतो. मला त्याने शिकवलं. दाणे मुठीत घेऊन दाबायचे. मुटका वळला आणि अंगठ्याने टोचताच दोन स्वच्छ तुकडे झाले, तर माल ठीक. वळलाच नाही, तर कोरडा. हाताला लेप राहिला, तर ओला. माझा मुटका वळला आणि मी उगाच खूश झाले. त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

साचा भरतो, वरचा ठोकळा आधी हलका उतरतो आणि क्षणभर उचलतो. या क्षणात दाण्यांमधली हवा निघून जाते. मग खरा दाब: चौरस सेंटिमीटरला तीनशे-चारशे किलो. आधी दाणे सरकून जवळ येतात, मग चपटे होतात, मग मोडतात आणि त्यांच्या मधल्या सीमा पुसल्या जातात. दाणा इतका जपून घडवायचा तो शेवटी मोडण्यासाठीच. फार कोरडा, कडक दाणा नीट मोडत नाही. टाइलच्या पोटात त्याच्या सीमा राहून जातात, आणि कच्ची टाइल पट्ट्यावरून जातानाच कोपरा टाकते. फार ओला दाणा ठोकळ्याला चिकटतो. शिवाय कडा इतक्या घट्ट मिटतात की भट्टीत आतल्या सेंद्रिय मळाला जळून बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि टाइलच्या पोटात काळा गाभा राहतो. तुटलेल्या टाइलच्या कडेला मधोमध काळी रेघ दिसली तर ती हीच.

दोन फूट बाय दोन फुटांच्या एका टाइलमध्ये असे दाणे किती? आकार, जाडी आणि वजनावरून काढलेल्या माझ्या ढोबळ हिशेबाने तीस कोटींच्या वर. पाच टाइल्समध्ये भारताच्या लोकसंख्येएवढे.

इथे मी माझा एक मिलिमीटर बाहेर काढला. सुपरवायझरने प्रश्न ऐकून घेतला आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या कच्च्या टाइलवर बोट ठेवलं. ही भट्टीत जाऊन आक्रसते. किती आक्रसते हे ती किती घट्ट दाबली गेली यावर ठरतं. दाणा थोडा ओला असला की मऊ असतो, त्याच दाबाखाली जास्त घट्ट बसतो, भट्टीत कमी आक्रसतो, आणि टाइल मोठी निघते. कोरडा असला की उलट. म्हणजे माझ्या दुसऱ्या लॉटचा दाणा ओला होता? “होऊ शकतं. भट्टी पाच-दहा अंशांनी थंड असली तरी होतं. प्रेसचा दाब कमी-जास्त झाला तरी होतं. पण भट्टी आणि प्रेस दोघं कॉम्प्युटरवर आहेत. स्प्रे ड्रायरवर पावसाळा आहे, कोळसा आहे, तोटी आहे, माणूस आहे.” मग थोडं थांबून, “तुम्ही दोन लॉट एकत्र लावलेच कशाला, बेन?”

पाणी घाला, पाणी काढा

टॉवरच्या मागे हॉट एअर जनरेटर. साखळीच्या जाळीवर कोळसा सरकत जळतो आणि त्याची गरम हवा टॉवरला जाते. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने मार्च २०१९ मध्ये इथल्या कोळशापासून वायू करणाऱ्या यंत्रणा बंद झाल्या आणि भट्ट्या पाइपच्या गॅसवर आल्या. पण ड्रायरसाठी अजून घन इंधनच सोयीचं पडतं, कारण इथे लागते ती नुसती गरम हवा.

आता पुन्हा वही. १०० किलो स्लिपमध्ये ६५ किलो कोरडा माल असेल आणि दाण्यात ६ टक्के ओल ठेवायची असेल, तर एक टन दाण्यासाठी सुमारे ४४५ लिटर पाणी उडवावं लागतं. तीच स्लिप ६८ टक्क्यांची केली तर ३८० लिटरच्या आसपास. टनामागे साठ-पासष्ट लिटरचा फरक, निव्वळ औषधाच्या मात्रेतून! रोज शेकडो टन माल काढणाऱ्या कारखान्यात त्या चार-पाच थेंबांची किंमत मालकाला का कळते, ते यावरून समजेल. आणि प्रयोगशाळेतली ती मुलगी मालकाच्या केबिनमध्ये न विचारता का जाऊ शकते, तेही.

आधी पाणी घालायचं आणि मग कोळसा जाळून काढायचं, हा वेडेपणा नाही का? आहेच. ब्राझीलमध्ये लाल मातीच्या टाइल्स मोठ्या प्रमाणावर कोरड्या दळणाने करतात आणि टॉवरची कटकटच ठेवत नाहीत. पण कोरड्या वाटेने केलेले दाणे ओबडधोबड होतात, साच्यात तितके सफाईने वाहत नाहीत, आणि चार-पाच प्रकारच्या माती-दगडांचं मिश्रण पाण्यात जसं एकजीव होतं तसं कोरडं होत नाही. मोठ्या, पातळ, आरशासारख्या टाइल्स हव्यात हा हट्ट आपला आहे. त्याची किंमत टॉवर वसूल करतो.

एका गोष्टीत मात्र दाणा पाण्याचं देणं फेडतो. तो उडत नाही. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. कारखान्यांच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे आणि त्यावर औषध नाही. दाण्यात बांधलेली माती पट्ट्यावरून शांत जाते. टॉवरच्या हवेबरोबर जी भुकटी सुटते ती सायक्लोन नावाच्या धूळ वेगळी करणाऱ्या पिंपात आणि पाण्याच्या फवाऱ्यात पकडायची असते. जिथे पट्टा सांडतो, जिथे झाडू मारला जातो, तिथे ती पुन्हा हवेत येते. ती झाडू मारणारी बाई मी पाहिली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. मास्क खुंटीला टांगलेला होता. उकडतं, म्हणाली.

मीठ-मिरी

निघताना सुपरवायझरने दोन पुड्या दिल्या, एक पांढऱ्या दाण्यांची आणि एक काळ्या. पूर्वी हे दोन रंग मिसळून थेट दाबायचे आणि ‘सॉल्ट अँड पेपर’ टाइल व्हायची. आता सगळा छपाईचा जमाना आहे, तो माल फारसा कुणी मागत नाही. जुन्या बँकांच्या शाखांमध्ये, दवाखान्यांच्या मार्गिकांमध्ये आणि फलाटांवर ती अजून टिकून आहे. वर छपाई नाही, त्यामुळे झिजली तरी आत तेच निघतं. तिच्यावरचा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे कुठल्यातरी टॉवरमध्ये उसळून खाली आलेला एक थेंब. दाणा मोडल्यावरही जागच्या जागी दिसतो तो फक्त याच टाइलमध्ये.

गॅलरीचं काय झालं, असं संपादकांनी विचारलं. मिस्त्रीने मोठ्या टाइल्स एका बाजूला घेऊन मध्ये पट्टी टाकली आणि त्याचे पैसे वेगळे लावले. तुमच्याकडे काम निघणार असेल तर खोक्याच्या बाजूला छापलेले बॅच, शेड आणि साइजचे बारीक आकडे सगळ्या खोक्यांवर सारखे आहेत का ते टेम्पोतून उतरवायच्या आधी बघा, आणि दोन खोकी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. तोच लॉट पुन्हा मिळत नाही.